शोकेसमधली वामकुक्षी

आत्याचा अख्खा धंदा मी आठवडाभर डाव्या हातानं सांभाळणार होते! शाळा सोडलीय, डोकं नाही सोडलेलं, असं मी घरात ठणकावून सांगितलं होतं.

आत्या दुकानदारांना सल्ला देते. ऑफिस नाही, नोकर नाही. ती आणि तिचा फोन. धंदा सुरू केल्यापासून एक सुट्टी नाही. डोळ्यांखाली अशी वर्तुळं, की कुणी चहाचे कप ठेवून उचललेत. डॉक्टरांनी दटावलं तेव्हा कुठे निघाली. पण नेमका त्याच आठवड्यात गादीवाला ठरवणार होता, आपल्या सगळ्या शाखांचं काम तिला द्यायचं की नाही. तो हातचा गेला असता, तर तिनं जन्मात पुन्हा सुट्टीचं नाव काढलं नसतं.

म्हणून तिनं प्रत्येक गिऱ्हाइकासाठीचा सल्ला आधीच फोनमध्ये बोलून ठेवला आणि फोन माझ्या हाती दिला. मी फक्त ज्याचा त्याला पाठवायचा. स्वतःचं डोकं चालवायचं नाही, असं पुन्हा पुन्हा बजावून गेली.

मी चालवलंच नाही. पहिल्याच सकाळी बेकरीवाल्याचा फोन. बाई सुट्टीवर जातातच कशा, म्हणे. माझं टाळकं सटकलं. त्याच्याशी भांडता भांडता मी त्याचा सल्ला गादीवाल्याला पाठवला, आणि गादीवाल्याचा त्याला.

बेकरीतली माणसं पहाटे उठतात, म्हणून आत्यानं सांगितलं होतं, दुपारी नोकरांना जरा झोपू द्या. आणि गादीवाल्यासाठी होतं, गिऱ्हाइकाला माल दाबून बघू द्या, घाई करू नका.

दुपारपर्यंत बेकरीत एक पाव धड उरला नाही. लोक पाव दाबत, मान डोलवत, पुढचा दाबत. मालक फोनवर रडकुंडीला आला. मी खेकसले, ज्यानं दाबला त्याच्याच पिशवीत घाला ना! त्यानं घातला. संध्याकाळी त्याच्या फळ्या रिकाम्या, आणि बाईंना नमस्कार सांग म्हणाला.

गादीवाला मात्र गप्प. दुसऱ्या दुपारी धावत त्याच्या दुकानाशी गेले आणि आ वासून उभी राहिले.

काचेच्या आत ओळीनं पलंग, आणि पलंगांवर सगळे नोकर गाढ झोपलेले. मॅनेजर उताणा, टाय पोटावर. हिशेबनीस उशीला कवटाळून. बाहेर ही गर्दी, पण मोठ्यानं कुणी बोलेना. कडेवर बाळ घेतलेला एक बाप कुजबुजला, "अशी झोप मला लग्नानंतर लागलेली नाही." मग चवड्यांवर आत गेला आणि मॅनेजरला उठवून त्याच्याच खालची गादी मागितली.

मी थक्क. आत्याचं डोकं चुकीच्या पत्त्यावर पडलं तरी चालतं!

आत्या परतली ती गेली त्याहून दमलेली. "तिकडे डोळ्याला डोळा लागला नाही गं, तुझ्या काळजीनं." मी सगळं सांगून टाकलं. तिनं माझा कान धरला आणि तशीच निघाली गादीवाल्याकडे, माफी मागायला.

तो तिला बोलूच देईना. सगळ्या शाखा तुमच्याच, म्हणाला. फक्त आज मॅनेजर आलेला नाही, समोरचा पलंग रिकामा आहे, तर बसून बोलू या का? आत्या टेकली, "त्याचं असं झालं, की..." म्हणाली, आणि आडवी झाली. पुढचं वाक्य आलंच नाही.

मी बाहेर येऊन गर्दीत उभी राहिले. आत्या तोंड उघडं टाकून घोरत होती. शेजारी उभ्या असलेल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "आधीचा जरा नाटकीच वाटायचा. ही बाई मात्र कामाची आहे."

मी छाती फुगवून म्हटलं, माझी आत्या आहे ती.

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हो का? मग तूही शीक की काहीतरी."