वाकड्या खुणांचे तांबे सर

लग्नाच्या हॉलमध्ये शिरलं की माणसं जेवण कुठल्या बाजूला आहे ते बघतात. आमचे तांबे सर न आलेली माणसं शोधतात. ऑफिसातल्या एकीच्या लग्नात, दादरला, त्यांनी वधूपित्याचा हात हातात घेऊन विचारलं, "मुलाकडचे भरपूर दिसतायत. तुमच्याकडचे इतके कमी कसे? बाकीचे गेले कुठे?" बाकीचे, म्हणजे सख्खा भाऊ आणि त्याचं सगळं खटलं, मानपानावरून रुसून लालबागला घरी बसले होते. वधूपित्याचे डोळे भरून आले. सर समाधानाने माझ्याकडे वळले. "बघ राणे, कारण असतंच."

परळच्या आमच्या संशोधन संस्थेत सर संख्याशास्त्रज्ञ आणि मी त्यांची सहायक. सहायक म्हणजे त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारी व्यक्ती. बाकीचे पाचव्या मिनिटाला चहाला जातात.

काम भाताचं. खाऱ्या जमिनीत तग धरणारी कोकणातली एक जात आणि भरघोस पिकणारी दुसरी, यांचा संकर करायचा आणि खारेपणा सोसणारा जनुक गुणसूत्रावर नेमका कुठे बसलाय याचा नकाशा काढायचा. त्यासाठी गुणसूत्रावर ठिकठिकाणी खुणा धरतात. ज्या दोन खुणा पुढच्या पिढीत जोडीने उतरतात त्या जवळच्या, ज्यांची सारखी ताटातूट होते त्या लांबच्या. फक्त प्रत्येक खुणेवर निम्मी रोपं आईच्या वळणाची आणि निम्मी बापाच्या वळणाची निघायला हवीत. आमच्याकडे एका पट्ट्यात सगळी गर्दी बापाच्याच बाजूला, म्हणजे तिथल्या खुणा वाकड्या.

डायरेक्टरसाहेबांनी निकाल दिला, "वाकड्या खुणा काढून टाका." त्यांना नकाशा परदेशातल्या परिषदेत दाखवायचा होता आणि विमानाचं तिकीट आलं होतं. विज्ञानाला याहून मोठी निकड कुठली?

"त्या खुणांचा गुन्हा काय?" सर म्हणाले. "आईच्या वळणाची रोपं दाण्यातच मेली असतील, म्हणून दुसरी जास्त दिसतायत. किती मेली त्याचा अंदाज काढू, मग अंतरं मोजू. फेकायचं कशाला?"

"किती दिवस लागतील?"

"ते कसं सांगू? अजून काढलंय कुठे?"

साहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी तत्त्वनिष्ठपणे सगळ्या वाकड्या खुणा पुसल्या.

दुसऱ्या दिवशी सरांच्या ते लक्षात आलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जुना छापील कागद आणला, ओळीवर पट्टी धरली आणि शेजारी खुर्ची ओढून म्हणाले, "मी सांगतो, तू भर." संध्याकाळपर्यंत मी भरत होते.

पुढे तीन आठवडे, साहेबांचा तगादा चुकवत, एकच काम. मेलेल्यांचा अंदाज करायचा, त्यावरून अंतर काढायचं, अंतरावरून मेलेल्यांचा अंदाज सुधारायचा, आकडे हलायचे थांबेपर्यंत. हे त्यांनी मला समजावलं, शिपायाला समजावलं, कॅन्टीनच्या मामांनाही. मामा वडे तळता तळता म्हणाले, "म्हणजे साहेब, जे नाय त्याच्यावरून जे आहे ते ठरवायचं?" सर इतके खूश झाले की भूक नसताना दोन वडे जास्त खाल्ले. झाडूवाल्या मावशींनी दोनदा कॉम्प्युटरची पिन उपटली. दोन्ही वेळा सरांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

आणि तो जनुक सापडला. बरोबर त्याच वाकड्या पट्ट्यात. खुणा काढून टाकल्या असत्या तर नकाशात तिथे नुसतं भोक राहिलं असतं.

"मला पहिल्यापासून शंका होतीच," साहेब बैठकीत म्हणाले. इतक्या निर्मळ आवाजात, की क्षणभर मलाही पटलं. शोधनिबंधावर नाव साहेबांचं. सरांचं शेवटी, आभारात, तेही 'तांबडे' असं. सर निबंध घेऊन तरातरा साहेबांच्या केबिनकडे निघाले. मी मागोमाग, भांडण चुकायला नको म्हणून. सर म्हणाले, "तिसऱ्या तक्त्यात दशांशचिन्ह चुकलंय."

पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "राणे, उद्या सकाळी अर्धा तास आहे?" मला वाटलं, आणखी एक तक्ता. ते मला चालत जवळच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. हातात कापडी पिशवी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता.

खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "सोबत नातेवाईक कोण?"

"ही."

"नातं काय?"

मी 'ऑफिसात' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सर म्हणाले, "पुतणी."

"तुम्ही तांबे, ह्या राणे?" बाईंनी फॉर्मवरची नावं वाचली.

"लग्न झालंय तिचं."

माझं लग्न झालेलं नाही. कामात कधी एक आकडा सोयीने न फिरवलेला हा माणूस एका दमात दोनदा खोटं बोलला होता. त्यांचे कान लाल झाले. मी सही केली.

"सहीपुरतंच हं," ते हळूच म्हणाले. "तू जा ऑफिसला."

"आणि डोळ्यावर पट्टी घेऊन घरी कसे जाणार, काका?"

ते पिशवीचे बंद सरळ करू लागले.

"घरी चहाची पावडर नाहीये," ते म्हणाले.

"जाताना घेऊ," मी म्हटलं.