अनिबालच्या डोक्यातली हवा

"ह्या चार वेगळ्या कुणाच्या?" एम्पानादांच्या, म्हणजे खिमा भरलेल्या भाजक्या करंज्यांच्या, टोपलीवरचं फडकं उचलत गुमर्सिंदोने विचारलं.

"अनिबालच्या," त्याची बायको ओर्तेन्सिया म्हणाली. "त्याला कांदा चालत नाही, बिचाऱ्याला."

"बिचारा! बिनकांद्याची एम्पानादा तालकावानोत कुणी ऐकली तरी होती का? आणि मला तीस वर्षं मनुका चालत नाहीत, ते कुणाच्या ध्यानात आहे का?"

"मग काढून टाकायच्या की! तुला हात नाहीत का?"

संपलं. गुमर्सिंदोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एम्पानादा हे निमित्त होतं हो. ही आग चार महिने धुमसत होती.

चिलीतल्या तालकावानो बंदरात, समुद्रशोध संस्थेच्या कारखान्यात गुमर्सिंदोची बावीस वर्षं गेली होती. खोल समुद्रातलं पाणी पकडून आणणाऱ्या नळ्या, तळाचा गाळ उचलणारे पंजे, उपकरणांचे पिंजरे, सगळं त्याच्या हातचं. त्यातलं काही दर्यात जाऊन फुटलं की तो घरी येऊन जेवायचाही नाही. म्हणून बावीस वर्षं तो एकच पालुपद लावून होता, 'आपल्याला दाबाची टाकी पाहिजे.' जाडजूड पोलादी टाकी, पाण्याने भरलेली. खोल समुद्रात असतो तेवढा दाब तिच्यात आणायचा आणि उपकरण टिकतं की पिचतं, ते किनाऱ्यावरच बघून घ्यायचं. शेवटी ती टाकी आली. आणि तेवढ्यात जर्मनीतल्या कील शहरातून शिकून अनिबाल आला! कपाळावर केसांची बट, ओठांवर गोड हसू आणि दर वाक्याला 'आमच्या कीलला'. आमच्या कीलला नट असे आवळतात, आमच्या कीलला कॉफी अशी पितात. बायका तर बायका, संस्थेचा कुत्रासुद्धा गुमर्सिंदोला सोडून त्याच्या खुर्चीखाली झोपायला लागला.

उद्या टाकीचं उद्घाटन होतं आणि संचालिका मिरेयाबाई टाकीच्या प्रमुखाचं नाव जाहीर करणार होत्या. ते नाव आपलं असावं, यापलीकडे गुमर्सिंदोला आयुष्यात काही नको होतं. आणि ते अनिबालचंच असणार, याची त्याला पक्की खात्री होती.

"डोक्यात हवा गेलीय त्याच्या," तो पुटपुटला. आणि थबकला.

समुद्रशोधाच्या लोकांची एक जुनी खोड आहे. थर्माकोलचे पेले नावंबिवं रंगवून उपकरणाबरोबर खोल पाण्यात सोडायचे. दाबाने थर्माकोलमधली हवा निघून जाते आणि पेला आक्रसून अंगठ्याएवढा होऊन वर येतो. घराघरांतून कपाटात हौसेने मांडलेले असतात. उद्याही पाहुण्यांचे पेले टाकीत घालायचे होते. आणि ओर्तेन्सियाच्या केशकर्तनालयात, विगांच्या फळीवर, थर्माकोलची डोकी ओळीने उभी होती.

त्याने त्यातलं एक उचललं. चहा झाल्यावर दुकानाचं दार लावून तो तिथेच बसला आणि अनिबालचं तोंड रंगवू लागला. आधी नुसतं वेडंवाकडं काढायचं होतं, पण हात पडला कारागिराचा! चुकीचं काम त्या हाताला जमेचना. नाक जमलं, जिवणी जमली, डाव्या भुवईवरचा तीळसुद्धा आला. बट काही रंगात साधेना, तेव्हा त्याने सरळ जमिनीवरचे कापलेले केस गोळा करून डिंकाने चिकटवले. 'आता बघतो तुझं डोकं केवढं राहतं ते,' असं म्हणून तो मनापासून हसला. सकाळी लवकर जायचं, चाचणी म्हणून डोकं टाकीत घालायचं, लिंबाएवढं झालं की काढून टेबलाच्या खणात ठेवायचं. मग अनिबाल 'आमच्या कीलला' म्हणाला, की खण जरासा उघडून बघायचं. बस्स, कुणाला त्रास नाही.

सकाळी त्याने पेल्यांच्या जाळीत, सगळ्यात तळाशी, डोकं दडवलं आणि जाळी टाकीत सोडली. आता पंप सुरू करणार, इतक्यात दार उघडलं.

"उस्ताद! महापौर आत्ताच आलेत," अनिबाल धापा टाकत म्हणाला. "दुपारी त्यांना मयताला जायचंय. लावा झाकण!"

"थांब, थांब! जाळी जरा... नीट बसली नाही."

"कीलला जाळी कशीही बसवतात, उस्ताद!" आणि त्या पठ्ठ्याने स्वतःच झाकण फिरवून आवळलं.

मागून महापौर, मिरेयाबाई, अख्खी संस्था आणि एम्पानादांची टोपली घेऊन ओर्तेन्सिया आत आली. पंप चालवणारा गुमर्सिंदोच, चालवणं भाग होतं. दाबाचा काटा चढत गेला आणि महापौरांचं भाषणही. पाणी म्हणजे जीवन, समुद्र म्हणजे पाणी, वगैरे वगैरे. अखेर टाळ्या पडल्या आणि अनिबालने दाब उतरवायची चावी फिरवली.

काटा हलेना.

"हे कसं झालं?" अनिबालने आणखी फिरवली. टाकीतून कण्हल्यासारखा आवाज आला. पहिल्या रांगेतले लोक न सांगता तिसऱ्या रांगेत गेले.

"फुटायची तर नाही ना?" महापौरांनी विचारलं. "मला मयताला पाहुणा म्हणून जायचंय बरं!"

अनिबालचा चेहरा पांढराफटक पडला. "कीलला असं कधी झालं नाही..."

का झालं ते त्या दालनात एकालाच कळत होतं. ती बट! डिंक विरघळून सुटलेले केस पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या गाळणीत जाऊन बसले होते. गुमर्सिंदोला वाटलं, होऊ दे फजिती, सगळ्यांसमोर चावी याच्या हातात आहे. पण टाकी पुन्हा कण्हली. बावीस वर्षं मागितलेली टाकी ती! अनिबाल गेला खड्ड्यात. तो टाकीखाली सरपटत गेला, बाजूची चावी तसूतसूने उघडून दाब उतरवला, गाळणी सोडवली, केसांचा बोळा खिशात कोंबला आणि घामाघूम होऊन बाहेर आला.

टाळ्यांनी दालन दणाणलं. "शाब्बास उस्ताद!" अनिबालने त्याला मिठीच मारली. गुमर्सिंदोचं लक्ष झाकणाकडे होतं. महापौरांनी ते उघडून जाळीत हात घातलासुद्धा.

एक चिमुकला पेला निघाला. दुसरा निघाला. मग निघालं डोकं. मोसंबीएवढं, भुवया, जिवणी, तीळ, सगळं शाबूत. फक्त पुढे टक्कल.

"हा तर आपला अनिबाल!" कुणीतरी ओरडलं.

अनिबालने डोकं हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं. गुमर्सिंदोने डोळे मिटले. आता शिव्या येणार.

हुंदका आला.

"उस्ताद," अनिबाल डोळे पुसत म्हणाला, "हे तुम्ही केलंत? आमच्या कीलला फक्त सगळ्यात मानाच्या माणसाचं डोकं टाकीत घालतात. मला वाटायचं, तुम्हाला मी डोळ्यांसमोर नको असतो."

"नाही रे, छे! कोण म्हणतं?" गुमर्सिंदोच्या तोंडून कसंबसं निघालं.

मिरेयाबाई पुढे आल्या. "मंडळी, आज मी प्रमुख म्हणून गुमर्सिंदोंचं नाव घेणार होते. अनिबालनेच हट्ट धरला होता, की उस्तादांशिवाय या टाकीवर कुणाचा हक्क नाही. मी मात्र रात्रभर विचारात होते, की अनुभवाला मान द्यावा की नव्या पिढीला? पण उस्तादांनी स्वतःच्या हातांनी कौल दिला. एवढं मोठं मन मी पाहिलं नाही! प्रमुख, अनिबाल!"

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात ना, ते गुमर्सिंदोने त्या दिवशी सगळ्या संस्थेसमोर उभं राहून, हसत हसत, टाळ्या वाजवत भोगलं. डोकं काचेच्या पेटीत घालून दाराशीच ठेवायचं ठरलं. येताजाता पहिलं दर्शन अनिबालचं, जन्मभर! महापौरांनी हस्तांदोलन केलं, एम्पानादा वाटल्या गेल्या, गुमर्सिंदोच्या वाट्याला आली ती मनुकांनी गच्च भरलेली.

घरी जाताना बसमध्ये ओर्तेन्सिया खिडकीकडे तोंड करून बसली.

"तुला काय झालं?" गुमर्सिंदोने विचारलं. "पद माझं गेलं, आणि रुसलीस तू?"

"काल संध्याकाळी दार लावून त्याचं तोंड रंगवत बसला होतास. तीळसुद्धा सोडला नाहीस त्याचा!"

"अगं, मी रागाने काढलं ते! जळून काढलं!"

"रागाने एवढं बघतोस माणसाकडे? मग माझ्यावर कधी का नाही रागावलास?" ती त्याच्याकडे वळली, समोरासमोर बसली आणि तिने दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. "सांग. माझे डोळे कोणत्या रंगाचे आहेत?"

बस तीन थांबे पुढे गेली. गुमर्सिंदो अजून आठवत होता.