मोरीतला गूळ

रंगूबाईने मोरीत पाणी ओतले, की ते परसात जायच्याऐवजी भिंतीखालून सोप्यात यायचे. मोरीच्या तोंडाशी बसवलेली खापराची नळी तडकली होती. एरवी घरातली माणसे त्या ओलीवरून उडी मारून जात. पण उद्या औंधहून मनूला बघायला पाहुणे येणार होते आणि जाजम अंथरायचे ते नेमके तिथेच. मनूचे मागचे स्थळ काही कारण नसताना मोडले होते. या खेपेला कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, म्हणून तिचा बाप जोतीराम कंबर कसून उभा राहिला.

"आवं, गवंड्याला बोलवा," रंगूबाई नवऱ्याला म्हणाली.

"कशाला? लढाईपायी सिमिट मिळंना. त्यो तरी चुनाच कालवणार न्हवं? आमचा आजा गूळ घालून चुना मळायचा. त्यानं बांधलेली हीर अजून हलली न्हाई."

"आज्यानं गूळ किती घातला, ठावं हाय का तुमास्नी?"

ते त्याला ठाऊक नव्हते. पण गुऱ्हाळ नुकतेच आटोपले होते, घरात ढेपा रचलेल्या होत्या. चिमूटभर गुळाने विहीर टिकते, तर लेकीच्या लग्नापुढे हात आखडता का घ्यावा? त्याने अर्धी ढेप फोडून चुन्यात मळली, नळीभोवती थापली आणि उरलेला लगदा भिंतीला सारवला.

सकाळी मोरीतून एक थेंबही गळला नाही. जोतीराम मिशीला पीळ देत घरभर हिंडला. दुपारी मात्र मोरी काळी दिसू लागली. बघतो तो मुंगळे! गावातल्या यच्चयावत मुंगळ्यांना आवतण गेले होते. घाबरून त्याने चुलीवरचे आधण उचलून मोरीत ओतले. गूळ विरघळला, चुना सुटला, नळी पुन्हा गळू लागली आणि वाचलेले मुंगळे भिंतीखालून सोप्यात शिरले. तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली.

मुलाचे वडील लालासाहेब जाजमावर ऐसपैस बसले. शेजारी त्यांची बायको बनुबाई आणि पलटणीतून रजेवर आलेला मुलगा मानसिंग. मनू खाली मान घालून पाटावर बसली.

"नाव काय पोरी तुजं?" लालासाहेबांनी विचारले आणि उत्तराची वाट न बघता, "आयाया!" करून ते ताडकन उठले. मानसिंग दात आवळून ताठ बसून राहिला होता. मुंगळा विजारीत गुडघ्यापर्यंत गेल्यावर मात्र त्यानेही नाच धरला. मनूने तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटायचे ते फुटलेच.

जोतीराम जाजम झटकायला धावला. बघायला आलेल्यांसमोर पोरगी हसली, म्हणजे संपलेच. मागच्या वेळी कारण नव्हते, आता सुपात मावणार नाहीत एवढी कारणे होती.

"मुंगळं आलं कुठनं?" बनुबाईंनी विचारले.

जोतीरामला थाप सुचेना. त्याने सगळे खरे सांगून टाकले. बनुबाई उठल्या, तडक आत गेल्या, मोरीपाशी वाकून बघून आल्या.

"तुमी सोता केलं ह्ये?"

"व्हय. चुकलंच माजं."

"चुकलं तर चुकलं. हात तर लावलासा." त्या नवऱ्याकडे वळल्या. "आमची मोरी गळतीया ह्यो मानसिंग रांगत हुता तवापासनं. ह्यास्नी म्हणलं, तर म्हणत्यात, मोरी बायकांची, बापय माणसानं बघायची न्हाई. पोरगी पसंत हाय मला! असा बाप बघितलेली पोर माज्या लेकालाबी कामाला लावंल. आन् तुमी, घरी गेल्यावर पयली मोरी."

रंगूबाईने डोळे पुसले. गूळ खाऊन तोंड गोड करायचे ठरले, तेव्हा पाहुण्यांनी तो आधी नीट निरखून घेतला.

निघताना लालासाहेबांनी जोतीरामला गाडीमागे ओढले. मुलीच्या बापाने वरबापापुढे हात जोडायचे, ही आजवरची रीत. इथे वरबापानेच हात जोडले.

"पावणं, तुमची लेक सुनंसारखी न्हाई, पोटच्या पोरीसारखी नांदवतो. पर लग्नाला हिला घिऊन येईन, तवा हिच्यादेखत घरातलं काय बी दुरुस्त करू नगासा!"