नीलांबिका नगरातले शंभर टक्के मतदान

सोलापुरातल्या नीलांबिका नगरात मागच्या निवडणुकीला एकसष्ट टक्के मतदान झाले. या घटनेची 'जागृत मतदार सेवा मंडळा'च्या वार्षिक सभेत दोन मिनिटे उभे राहून गंभीर दखल घेण्यात आली. उभे राहण्याची सूचना अध्यक्ष मृत्युंजय सरांची. सर चौतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि शंभरातला एक गुण कमी दिसला तरी त्यांचा रक्तदाब अजून वाढत असे. "उरलेली एकोणचाळीस टक्के लोकशाही गेली कुठे?" असे त्यांनी विचारले. सभेला सहा कार्यकर्ते हजर होते. त्यांच्यापैकी कोणाकडेही ती नव्हती.

त्या सहांत दानेश्वरी होती. सकाळी बालवाडीत शिकवायचे आणि दुपारी मंडळाचे काम करायचे, असा तिचा दिवस. मंडळाने अकरा वर्षांत चौदा शपथा, नऊ फेऱ्या आणि एक रांगोळी स्पर्धा एवढे कार्य केले होते. पण ज्याला काम म्हणावे असे एकच झाले होते आणि ते दानेश्वरीने केले होते. तिने अंबुबाईंचे नाव मतदार यादीत परत आणले होते.

अंबुबाई मागच्या गल्लीत विड्या वळतात. वय सत्तरीच्या पुढे. कोणी मागितले नाही, कोणी सांगितले नाही, तरी त्यांचे नाव एकदा यादीतून गेले ते दोन निवडणुका गेलेलेच राहिले. दानेश्वरीने कचेरीच्या सात फेऱ्या मारल्या. साहेब असले की शिक्का कपाटात, कपाट असले की किल्ली रजेवर. सातव्या फेरीला तिघे एकत्र सापडले आणि अंबुबाई पुन्हा मतदार झाल्या. त्या दिवशी त्यांनी दानेश्वरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

"तुला वाटंल, म्हातारीला मत कशाला पायजे," त्या म्हणाल्या होत्या. "नळाला पाच दिसाला पाणी येतंय. नगरसेवकाच्या दारात गेले की तो पैल्यांदा इचारतोय, तुमचं नाव हाय का यादीत? न्हाय म्हटलं की उभं बी करत न्हाय. मत टाकलं की भांडायला तोंड येतंय पोरी. आमच्याकडं दुसरं काय हाय?"

हे वाक्य दानेश्वरीने वहीत लिहून ठेवले होते. मंडळाच्या अहवालात ते छापावे असे तिला वाटले. पण सरांच्या मते त्यात आकडेवारी नव्हती.

त्याच वर्षी पुण्याच्या एका महासंघाने 'शतप्रतिशत लोकशाही' हे मानचिन्ह जाहीर केले. ज्या मतदार यादीतले झाडून सगळे लोक मतदान करतील, त्या भागातल्या संस्थेला ते मिळणार होते. नीलांबिका नगरच्या यादीत अकराशे सव्वीस नावे. पुढच्या बाजूला बंगले आणि दोन सोसायट्या, मागे विडी कामगारांच्या आणि यंत्रमागवाल्यांच्या गल्ल्या. सरांनी मानचिन्हासाठी कपाटातली एक फळी मोकळी करून घेतली आणि मग कामाला सुरुवात झाली.

पहिली पायरी सर्वेक्षणाची. पत्रक पुण्याहून छापून आले. प्रश्न एकच: 'आपण येत्या निवडणुकीत मतदान करणार का?' उत्तराला चौकटी तीन: निश्चित, अनिश्चित, नाही. खाली जाड अक्षरात सूचना: 'उत्तर शब्दशः ग्राह्य धरावे. कार्यकर्त्याने स्वतःचा अर्थ लावू नये.'

आता सोलापूरची एक रीत आहे, ती पुण्याला कोण सांगणार? इथे खरोखर येणारा माणूस येतो म्हणून सांगत नाही. उद्याचे कोणी पाहिले आहे, आणि आधी बोललेल्या गोष्टीला दृष्ट लागते. पत्रिका द्यायला गेल्यावर जो पाहुणा "बघू की" म्हणतो, तो लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारीच येऊन मांडवात खुर्च्या लावत असतो. "नक्की येणार" म्हणणाऱ्याला जेवणाच्या अंदाजात कोणी धरत नाही. दानेश्वरी याच मातीत वाढलेली. तिला हे पक्के माहीत होते. पण पत्रकात या माहितीसाठी चौकट नव्हती.

मागच्या गल्ल्यांत तिला एकच उत्तर चार भाषांत मिळाले. मराठीत "बघू की". कन्नडात "नोडोण". मागवाल्यांच्या तेलुगूत "चूद्दाम". दखनी बोलणाऱ्या अकबरीबी म्हणाल्या, "इन्शाल्ला, आतूं की." हे उत्तर जरा आशादायक वाटले म्हणून दानेश्वरीने सरांना फोन करून विचारले. सर म्हणाले, "होकार आहे, पण सशर्त आहे. ज्यांच्या इच्छेची अट आहे त्यांची लेखी संमती जोडता येणार नाही. अनिश्चित लिही."

अंबुबाई तर सुपात विडीची पाने घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता सांगितले, "जगलो वाचलो तर बघू की."

"मावशी, 'येते' म्हणा ना. एवढा एक शब्द."

"आगं, असं कसं म्हणू? तोंडातनं शब्द काढायचा आन सकाळी देवाघरी जायचं? लोक काय म्हणतील, खोटं बोलून गेली."

दानेश्वरीने पेन तीनदा उचलले आणि शेवटी 'अनिश्चित'वर खूण केली. उत्तर शब्दशः ग्राह्य धरायचे होते.

पुढच्या बाजूला काम झपाझप उरकले. बंगल्यातल्या पंचाक्षरी काकांनी तिला आत बोलावून पाणी दिले. "हा काय प्रश्न झाला? शंभर टक्के! लोकशाहीचा उत्सव आहे, आम्ही शिकलेल्यांनीच मतदान केलं नाही तर कोण करणार?" सोसायट्यांमधून कोणी नक्की म्हणाले, कोणी डेफिनेटली म्हणाले. एकाने तर दार न उघडताच आतून "शुअर" म्हणून सांगितले. दानेश्वरीने सगळ्यांना 'निश्चित' लिहिले. काकांचे शब्द तर चौकटीत मावेनात.

निकाल आला: निश्चित तीनशे बारा, अनिश्चित आठशे चौदा, नाही शून्य. सरांनी फळ्यावर अपूर्णांक मांडला आणि बराच वेळ त्याच्याकडे मायेने पाहिले.

"मुलांनो," सर म्हणाले. सर्वांत तरुण मूल एक्केचाळीस वर्षांचे होते. "अपूर्णांकाची किंमत वाढवायचे मार्ग दोन. एक, अंश वाढवा. म्हणजे लोकांना समजवा, घराबाहेर काढा, रिक्षा करा. हे अकरा वर्षं करून आपण एकसष्टवर आहोत. दुसरा मार्ग कोणता?"

सरांनीच डस्टर उचलले आणि खालचा आकडा पुसला. अकराशे सव्वीसच्या जागी तीनशे बारा लिहिले. "छेद कमी करा. जे येण्याची खात्री नाही, ते यादीत हवेतच कशाला? तीनशे बारापैकी तीनशे बारा. किती झाले?"

"शंभर टक्के," सगळे म्हणाले. दानेश्वरीही म्हणाली. उत्तर बरोबरच होते.

नाव वगळण्याच्या अर्जात कारण लिहावे लागते, आणि तिथे मयत किंवा स्थलांतरित असेच काही चालते. अनिश्चित चालत नाही. यावर सरांनी एका वाक्यात तोडगा काढला. "जो मतदानाच्या दिवशी केंद्रावर नसेल, तो दुसरीकडे कुठेतरी असणारच. म्हणजे झालाच की स्थलांतरित." अर्ज वाटून घेण्यात आले. दानेश्वरीने आपल्या गठ्ठ्यातला अंबुबाईंचा कागद गुपचूप तळाशी सरकवला. सरांनी तो बरोबर वर काढला.

"सर, यांच्यासाठी मी सात फेऱ्या मारल्यात."

"म्हणूनच. ओळखीच्या बाईला वेगळा न्याय दिला तर तो पक्षपात होईल. आपली संस्था निःपक्ष आहे, दानेश्वरी. आणि हे तात्पुरतं आहे. मानचिन्ह मिळालं की आठशे चौदा नावं पुन्हा नोंदवायची. सर्वाधिक नवनोंदणीचं मानचिन्ह वेगळं असतं."

दानेश्वरीला फार वाईट वाटले. वाईट वाटत असतानाच तिने सही केली.

कचेरीतून नोटिसा निघाल्या: 'आपले नाव वगळण्याबाबत हरकत असल्यास सात दिवसांत म्हणणे मांडावे.' कागद सरकारी, भाषा सरकारी, आणि मागच्या गल्लीतले सरकारी कागद कायम दानेश्वरीच वाचून दाखवायची. अंबुबाई नोटीस घेऊन आल्या तेव्हा तिने त्यातले निम्मेच वाचले. "मावशी, तुमची काही हरकत आहे का, असं विचारलंय."

"सरकारनं इचारलं, लई झालं की. आपली कसली हरकत?" त्यांनी कागदाला हळदकुंकू लावले आणि खणात ठेवला. त्या रात्री दानेश्वरी जेवली नाही. सकाळी मात्र ती वेळेवर बालवाडीत होती.

मतदानाचा दिवस उजाडला. सर पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले, कारण मानचिन्हाचा समारंभ त्याच संध्याकाळी होता आणि निकालाबद्दल शंका घेणे गणिताला धरून नव्हते. त्यांचे स्वतःचे नाव यादीच्या पहिल्या पानावर होते, 'निश्चित' या वर्गात.

साडेसातला शाळेबाहेर रांग लागली. दानेश्वरी मदतीचे टेबल टाकून बसली होती. तिने मान वर केली. अख्ख्या मागच्या गल्ल्या आल्या होत्या. माग बंद ठेवून, अर्ध्या दिवसाच्या विड्या सोडून, अकबरीबी सुनांना घेऊन, सगळे. आठशे चौदातले फार तर दहाबारा कमी असतील, तेही आजारी. सर्वांत पुढे अंबुबाई, ठेवणीतले इरकल नेसून.

दहा मिनिटांत त्या परत आल्या. "पोरी, बघ की जरा. आतला साहेब म्हणतोय मी हितं राहत न्हाय. कायमची गेले म्हणं."

दानेश्वरीने यादी उघडल्यासारखे केले.

"कुटं गेले म्हणून लिवलंय? तेवढं तरी सांग. मला बी कळू दे."

तेवढ्यात सरांचा फोन आला. "टक्केवारी?"

"सर, यादीतले एकोणीस जण येऊन गेले."

"आणि मागून हा गोंगाट कसला?"

"आठशे लोक आहेत. आपण वगळलेले."

सर म्हणाले, "रांग चांगली दिसते आहे का? मग फोटो काढून घे, अहवालाला लागेल. आणि घरी पाठव सगळ्यांना."

तिने फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांचे ऐकले नाही. ती आत गेली आणि मतदान अधिकाऱ्याला म्हणाली, "या बाई इथंच राहतात. मी लिहून देते."

अधिकाऱ्याने कागद चाळले. तो भला माणूस होता, हीच अडचण होती. "मॅडम, बाई इथं राहत नाहीत, हे तुम्हीच लिहून दिलंय. ही सही तुमचीच ना? एकाच बाईबद्दल एकाच माणसाचे दोन कागद मी वर कसे पाठवू? यादीतल्या दुसऱ्या एका मतदाराकडून लिहून आणा. मग वर विचारून बघतो. सहापर्यंत आणा मात्र."

मागच्या गल्लीतले आठशे लोक लिहून द्यायला तयार होते. पण त्यांच्यापैकी कोणी यादीत नव्हते. मंडळाचे बाकीचे कार्यकर्ते सरांबरोबर पुण्याला गेले होते. सकाळचे एकोणीस जण बोटाला शाई लावून, फोटो काढून गावाला निघून गेले होते. सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली होती. दानेश्वरीने उरलेल्यांना फोन लावले. "हो हो, नक्की येतोय," एकजण म्हणाला. मागून समुद्राचा आवाज येत होता.

मग ती दारोदार फिरली. अंबुबाई शाळेच्या पायरीवर बसून राहिल्या. "तू ये जाऊन, मी हितंच हाय," म्हणाल्या. पहिल्या सोसायटीत कुलपे. दुसऱ्या सोसायटीत रखवालदार होता, पण त्याचे नाव अक्कलकोटच्या यादीत. साडेपाच वाजले. शेवटच्या बंगल्याचे दार उघडे दिसले, तेव्हा तिला रडूच यायचे बाकी राहिले होते.

पंचाक्षरी काका झोपाळ्यावर मासिक वाचत बसले होते.

"काका, अंबुबाईंना ओळखता ना तुम्ही?"

"न ओळखायला काय झालं? सूनबाईच्या बाळंतपणात दोन महिने तेल लावायला त्याच तर येत होत्या."

"त्या इथंच राहतात, एवढं लिहून सही द्या. आणि शाळेपर्यंत चला. तुमचंही मत राहिलंय. सहाला बंद होतं."

"अगं, येतो ना. शंभर टक्के! तुझ्यासारख्या पोरींचं मला फार कौतुक आहे." काकांनी बोट पानात घालून अंक वर धरला. "निवडणुकीवरचीच गोष्ट आहे. काय झोडपलंय एकेकाला! तो मास्तर, ती संस्था, तो कचेरीचा कारभार. अशा लोकांमुळेच देशाचं वाटोळं झालंय बघ. एवढं संपलं की निघतोच."

"किती राहिलंय, काका?"

"शेवटचाच परिच्छेद आहे."

दानेश्वरी कोरा कागद आणि पेन घेऊन दारात उभी राहिली. तिकडे अंबुबाई पदराने वारा घेत पायरीवर बसल्या आहेत. शाळेचा शिपाई फाटकाची साखळी हातात घेऊन घड्याळ बघतो आहे. काका मान डोलवत, मधूनच हसत, वाचत वाचत याच गोष्टीच्या या ओळीपर्यंत आले आहेत. यापुढे काही छापलेले नाही. दानेश्वरी अजून दारातच उभी आहे.