वाऱ्यावरचा पहारा

आमचे शेजारी हवालदार नाना रोज दिवेलागणीला उदबत्ती लावतात आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून उभे राहतात. मग ती जळती उदबत्ती धरून ते घरभर फिरतात. दाराची चौकट, खिडकीची झडप, पत्र्याखालची फट, मोरीचं भोक, अशा प्रत्येक ठिकाणी थांबून धुराकडे डोळे बारीक करून पाहतात. धूर सरळ वर गेला की पुढे सरकतात. जरा कलला की सदऱ्याच्या खिशातून चिंधी काढून फट बुजवतात. ही फेरी पाऊण तास चालते. मी बदली होऊन आटपाडीत आलो, तेव्हा पहिले काही दिवस मला ही एखाद्या पंथाची उपासना वाटली होती. एकदा तर मी दारातूनच हात जोडले.

"हात कशाला जोडताय, गुरुजी," नाना म्हणाले. "फट दिसली कुठं तर दावा."

नाना वारा शोधत होते.

वाऱ्याला भिणारा माणूस म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे कुणीतरी किरकोळ, खोकणारी व्यक्ती येईल. नाना सहा फुटांचे आहेत. त्यांनी फौजेत बर्फाच्या डोंगरांवर वर्षानुवर्षं काढली, आणि तिथल्या वाऱ्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. तो उघडा, समोरासमोरचा वारा. त्यांचं वैर आहे ते फटीतून घरात येणाऱ्या वाऱ्याशी. "दुश्मन कवा बी समोरनं येत न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं वाक्य त्याहून आवडतं: "फट दिसंना म्हंजी फट न्हाई, असं न्हाई."

गंमत अशी की निवृत्तीनंतर त्यांना नोकरी मिळाली ती पठारावरच्या पवनचक्क्यांच्या राखणीची. सारी कंपनी ज्याची वाट पाहत असे, त्याच्याकडे पाठ करून नाना मनोऱ्याच्या आडोशाला, भर वैशाखात कानटोपी घालून बसत. पाती थांबली की इंजिनिअर मंडळींचे चेहरे उतरत आणि नाना निवांत भाकरी सोडत. "आज झोपलाय," असं ते हळूच सांगत, जणू मोठ्याने बोललं तर तो जागा होईल. मुलाने त्यांच्या फोनवर हवामान दाखवणारं काहीतरी घालून दिलं होतं. त्यातलं तापमान, पाऊस यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. वाऱ्याचा बाण कुणीकडे वळला आहे, तेवढंच ते पाहत आणि त्या बाजूची खिडकी सुतळीने आणखी एक वेढा देऊन बांधत.

त्यांच्या घरी पंख्याला पाती नाहीत. ती त्यांनी काढून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून खाटेखाली ठेवली आहेत. आलेल्या पाहुण्याने वहीने वारा घ्यायला सुरुवात केली, तर नाना ती वही अत्यंत अदबीने त्याच्या हातून काढून घेतात. माझी पत्नी एकदा हळदीकुंकू लावायला तिकडे गेली आणि घामात कुंकू विरघळून नाकापर्यंत आलेलं घेऊन परतली.

या सगळ्याला कारण नानांच्या पत्नी, हौसाकाकी. आतल्या खोलीत, खिडकीपासून सगळ्यांत लांबच्या भिंतीशी त्यांची खाट आहे. चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आमच्या भागात अशा वेळी लोक "अंगावरून वारं गेलं" असं म्हणतात. शहरात ज्याला पक्षाघात म्हणतात, तोच हा. लोक बोलून मोकळे होतात. नानांनी मात्र ते शब्द जसेच्या तसे घेतले.

वाऱ्याबद्दलचं कुठलंच बोलणं ते वरवरचं मानत नसत. निवडणुकीच्या दिवसांत चावडीपाशी कुणी म्हणालं, की यंदा वारं फिरलंय, तर नाना आभाळाकडे बघून घाईने घरी निघत. त्यांच्या मुलाला पुण्याचं वारं लागलं, असं शेजारी म्हणत. त्यावर नाना खिन्नपणे सांगत, "म्या त्याला सांगत हुतो, मोटारसायकलीवर कान बांधत जा." आणि कुणी कुणाला वाऱ्यावर सोडलं, असं कानी आलं, की त्यांचा चेहरा पडे. त्यांच्या लेखी माणसाचं याहून मोठं पाप नव्हतं.

मी मराठी शिकवतो. शब्दाचा सरळ अर्थ आणि लक्षणेने येणारा अर्थ यांतला फरक नववीच्या वर्गात समजावताना मी नानांचं उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. वर्ग खदखदून हसला आणि मला माझा तास रंगल्याचं समाधान वाटलं. ते हसणं पुढे गल्लीपर्यंत आलं. बाजारात कुणी "नाना, वारं सुटलं हो," म्हणून मागून फुंकर मारू लागलं. नाना दचकून कानावर हात ठेवत. मी ते पाहिलं आणि भाजी घेऊन घरी आलो.

गेल्या फाल्गुनात एका दुपारी मोठी वावटळ उठली. नानांच्या आतल्या खिडकीची झडप निखळली आणि त्यांनी भिंतीवरून मला हाक मारली. मी धावत गेलो. ते दोन्ही हातांनी प्लायवूडचा तुकडा खिडकीवर दाबून उभे होते. मी खिळे ठोकले. काम झालं तरी त्यांचे हात खाली येईनात. 

"येकदा येऊन गेलंय, गुरुजी," ते म्हणाले. "त्येला घर ठावं झालंय. डावी बाजू ऱ्हायलीय न्हवं? ती न्यायला परत यील."

एवढा धिप्पाड माणूस इतका भ्यालेला मी कधी पाहिला नव्हता. मला त्यांची कणव आली, हे खरं. पण त्या कणवेत आपल्याला अधिक कळतं याचा गोडवाही होता, हे आता कबूल करायला हवं. मी त्यांना ओसरीवर बसवलं आणि वर्गात बोलावं तसं शांतपणे बोललो. नाना, ही नुसती बोलण्याची रीत आहे. यात वाऱ्याचा काडीइतका संबंध नाही. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकते आणि बाजू जाते. खिडक्या खुशाल उघडा. मी तर पुढे जाऊन हेही सांगितलं, की आता यावर इंजेक्शन निघालं आहे. माणसाला वेळेत दवाखान्यात नेलं तर पुष्कळदा हात-पाय वाचतात.

नाना खाली बघून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "वेळेत म्हंजी किती?"

"तीन-चार तासांत," मी म्हणालो.

"तासांत?"

"हो."

 मग मी विचारलं, काकींना कधी नेलं होतं म्हणून. तेव्हा त्यांनी जमिनीकडे पाहत सांगितलं. काकी सकाळी हंडा उचलताना पडल्या. वारं गेलं म्हटल्यावर नानांनी पहिल्यांदा खिडक्या लावल्या. त्यांना दोन वाकळांत गुंडाळलं, लसणाचं तेल चोळलं. पलूसकडच्या एका नावाजलेल्या माणसाला आणवलं. त्याने कबुतराचं रक्त अंगाला लावून घर बंद ठेवायला सांगितलं. वारं आपसूक निघून जाईल, म्हणाला. नाना दाराशी पहाऱ्याला बसले. ते जागचे हलले नाहीत.

"सांगलीला तिसऱ्या दिवशी न्हेलं," ते म्हणाले.

मी काहीतरी बोललो असेन. आपल्याकडे सगळे असंच करतात, तुमचा काय दोष, असलं काहीतरी. ते उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी उदबत्ती लागली नाही. खिडक्यांच्या सुतळ्या कापलेल्या दिसल्या. कानटोपी ओसरीच्या खिळ्याला टांगलेली होती आणि वाऱ्याने हलत होती. नाना कामावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही तेच. खिडक्यांची दारं आपटत होती आणि ती लावायला कुणी उठत नव्हतं. मी भिंतीला कान लावून बसू लागलो. एवढ्या वर्षांत वारा हा नानांचा शत्रू नव्हता, तो त्यांचा आडोसा होता, आणि तो मी ओसरीवर घेतलेल्या तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत काढून घेतला होता. आता त्या उघड्या घरात हा माणूस स्वतःचं काय करून घेईल, या भीतीने मला अन्न गोड लागेना.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला मी धीर करून गेलो. आतल्या खोलीतलं प्लायवूड उखडून टाकलेलं होतं. काकींच्या चादरीवर धुळीचा थर होता. नाना त्यांच्या खाटेशी स्टुलावर उघड्या डोक्याने बसले होते.

"या," ते म्हणाले. "हिला समदं सांगितलं म्या. वाऱ्याचा काय बी दोष न्हवता म्हणून सांगितलं."

मला काकींकडे बघवेना. पण त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. त्यांचा डावा हात हवेत उठला होता आणि कोनाड्याकडे बोट दाखवत होता. कोनाड्यात उदबत्तीचा पुडा होता. नानांनी नकारार्थी मान हलवली. हात खाली आला, नानांच्या बाहीला धरून त्यांना ओढू लागला, आणि त्यांचं डोकं जवळ आल्यावर काकींनी आपल्या पदराचा शेव हळूहळू त्यांच्या कानावर आणला. एका हाताने तो नीट बसेना. तीनदा निसटला. तिन्ही वेळा त्यांनी तो पुन्हा आणला. मग हात परत कोनाड्याकडे वळला.

नाना उठले नाहीत. मी उठलो. प्लायवूड पुन्हा खिडकीवर ठोकलं, दारं लोटली, उदबत्ती पेटवली आणि त्यांच्यासारखाच फिरू लागलो. चौकट, पत्रा, मोरी. दोघंही माझ्याकडे पाहत होते. शेवटी काकींच्या उशाशी, जिथे भिंतीला केसाएवढी चीर आहे, तिथे मी उदबत्ती धरली.

धूर सरळ वर गेला.

"नाना," मी म्हणालो, "इथनं येतंय बघा."

नाना धुराकडे पाहत राहिले. बर्फात पहारे केलेले ते डोळे. त्यांना सरळ धूर कळत नाही असं नव्हतं. ते काकींकडे वळले. काकींचं बोट त्या चिरेवर होतं.

"व्हय," ते म्हणाले. "हाय थोडं."

आणि त्यांनी खिशातून चिंधी काढली.