सत्काराचं पुस्तक

पलूसजवळच्या एका हायस्कुलात नववीतल्या अंकिताची 'ग्रंथमित्र' या पदावर रीतसर नेमणूक झाली, तेव्हा तिला छातीवर लावायचा बिल्ला, चिकटपट्टीचं रीळ आणि एक कात्री देण्यात आली. कपाटांच्या किल्ल्या देण्यात आल्या नाहीत, कारण कपाटं उघडण्याचा या पदाशी काही संबंध नव्हता.

ग्रंथालयात दोन हजार एकशे अकरा पुस्तकं होती. पुस्तक वाचायला दिलं की फाटतं, फाटलं की पडताळणीत दिसतं आणि दिसलं की खुलासा द्यावा लागतो. म्हणून देवघेव थांबवली होती. एक काळ असा होता की याच खिडकीशी मुलींची रांग लागायची, पुठ्ठे निखळायचे आणि शनिवारी शाळा सुटल्यावर खळ शिजवून ते डकवत बसावं लागायचं. तो अव्यवस्थेचा काळ आता संपला होता. जुने ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर त्यांचा अतिरिक्त कार्यभार क्रीडाशिक्षक महेंद्र सरांकडे आला होता, आणि गेल्या चार वर्षांत एकाही पुस्तकाला ओरखडा उमटला नव्हता.

वापरात पुस्तक एकच होतं, सत्काराचं. हारतुऱ्यांऐवजी पुस्तक द्यावं, असं वरून पत्र आल्यापासून शाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला शाल, नारळ आणि ते पुस्तक दिलं जाई. पाहुण्यानं शाल पांघरायची, नारळ ड्रायव्हरकडे द्यायचा आणि पुस्तक खुर्चीवर ठेवून चहाला जायचं. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण लग्नातला टॉवेल घडी न मोडता पुढच्या मांडवात कसा पोचवायचा, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं का? पाहुण्यांचा चहा संपायच्या आत ते पुस्तक उचलून ग्रंथालयात परत नेणं, हेच ग्रंथमित्राचं मुख्य काम.

पूर्वी टोपी आणि नारळ देत. टोपी डोक्यावर बसायची, खोबरं कालवणात पडायचं. पण त्यातून वाचनसंस्कृती वाढत नव्हती. आता प्रत्येक सत्काराची देवघेवीच्या रजिस्टरात 'वाचक' म्हणून नोंद होई. त्रेचाळीस मान्यवरांच्या बळावर ते तालुक्यातलं सर्वाधिक वाचलं गेलेलं पुस्तक ठरलं होतं आणि त्याबद्दलची ढाल मुख्याध्यापकांच्या टेबलामागे उभी होती.

चार सत्कारांनंतर पुस्तकाला गुंडाळलेल्या चकचकीत कागदाचे कोपरे झिजत. मग जुना कागद काढून नवा लावायचा. या दोन कागदांच्या मधल्या वेळात अंकिताच्या हातून गैरप्रकार घडला. तिनं पुस्तक उघडलं.

गोष्ट एका पाणाड्याची होती. दुष्काळी गावात हा माणूस तळहातावर नारळ घेऊन माळ तुडवतो, नारळ उभा राहतो तिथं विहीर खणायला सांगतो. ऐंशी फूट खणलं, पाणी नाही. गाव हसायला लागतं. नव्वद फूट झाले, बायको बोलेनाशी होते. तो म्हणतो, आणखी खाली. एकशे साठ पानांपैकी अंकिता एकशे एकतिसाव्या पानावर आली होती आणि विहिरीला पाणी लागतं की नाही, यावाचून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"दोन पुस्तकांना लागंल एवढा कागद एकालाच कसा लागतो गं?" महेंद्र सर म्हणाले.

"कोपरा चुकतो, सर."

"कोपरा चुकायला तू काय भूमितीचा पेपर देतीस व्हय? आटप."

सव्वीस जानेवारीला ठरलेले पाहुणे आधीच्या दोन सत्कारांत अडकून पडले. झेंडा थांबू शकत नव्हता. नातवाची कवायत बघायला आलेल्या मनुबाई, एका दिवंगत हवालदारांच्या पत्नी, पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. मुख्याध्यापक बाळासो सरांनी त्यांना व्यासपीठावर बसवलं. शाल दिली, नारळ दिला, पुस्तक दिलं. मनुबाईंना सत्काराची सवय नव्हती. त्यांनी तिन्ही वस्तू पिशवीत घातल्या आणि त्या घरी गेल्या.

"पुस्तक कुठंय?" बाळासो सरांनी विचारलं.

"आजी घेऊन गेल्या, सर," अंकिता म्हणाली.

"घेऊन गेल्या म्हणजे?"

"आपण दिलं होतं ना त्यांना?"

"आपण सत्कार केला होता. देण्याचा प्रश्न कुठं येतो?"

दुपारी पत्र तयार झालं. विषय: सत्कारवस्तू अनवधानाने सोबत नेल्याबाबत. ते पोचवायला अंकितालाच पाठवलं. ती धावतच गेली, पत्रासाठी नव्हे.

मनुबाई सोप्यात बसून ओळीखाली बोट सरकवत वाचत होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण एक अक्षर सोडत नव्हत्या.

"आवं आज्जी, ते पुस्तक शाळंत परत पायजे."

"मला दिलं म्हून मी आणलं. शाल बी आणलीया. ती बी द्यायची का?"

"शाल नगं. ती तुमालाच."

"मग पुस्तकानं कुणाचं घोडं मारलंय? पाणी लागंस्तवर मी देनार न्हाई, जा सांग तुज्या सराला."

अंकिता हळूच खाली टेकली. "कुठवर आलासा?"

"ऐंशी फुटावर. लय खडक लागलाय."

"मी नव्वदच्या खाली हाय."

"म्होरचं सांगू नगंस हां. जीब हासडीन."

शाळेनं स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं, दोन पाठवलं. दोन्ही अंकितानंच नेली आणि दोन्ही वेळा ती दिवेलागणीपर्यंत परतली नाही. आजींचे डोळे दमले की ती मोठ्यानं वाचायची. तिसऱ्या स्मरणपत्राच्या दिवशी दोघी एकशे चव्वेचाळिसाव्या पानावर पोचल्या. पाणाड्या दोराला धरून तळाशी उतरला होता. त्यानं खडकाला कान लावला. अंकितानं पान उलटलं.

पुढचं पान कोरं होतं. त्याच्या पुढचंही. शेवटची सोळाच्या सोळा पानं कोरी.

"पुसलं का काय गं?"

"छापलंच न्हाई, आज्जी."

मनुबाईंनी पुस्तक हातात घेतलं, उजेडात धरलं, पुन्हा मांडीवर ठेवलं. "आन् तो मानूस तसाच खाली ऱ्हायला?"

अंकितानं पुस्तक शाळेत परत केलं आणि खरं ते सांगितलं. चौकशी बसली.

"हे पुस्तक चार वर्षं सत्काराला आहे," बाळासो सर म्हणाले. "त्रेचाळीस मान्यवरांना दिलं. त्यातल्या अकरा जणांनी आपलं आयुष्य याच पुस्तकानं घडवल्याचं भाषणात सांगितलं. एकाचीही तक्रार नाही. कोरी पानं तुलाच कशी दिसली?"

"वाचताना, सर."

महेंद्र सरांनी खिडकीबाहेर बघितलं.

"किती दिवस चालू आहे हे?" बाळासो सरांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

अहवाल आठवड्यात आला. पुस्तकात मूळचा कोणताही दोष आढळला नसून तो वाचनामुळे उद्भवल्याचं समितीचं मत पडलं. अंकिताचा बिल्ला काढून घेण्यात आला. पुस्तक जाड प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करण्यात आलं, म्हणजे कागदाचाही खर्च वाचला. मनुबाईंची 'वाचक' म्हणून झालेली नोंद, त्यांनी ते खरोखर वाचल्यामुळे, अनियमित ठरवून रद्द केली.

बिल्ला गेल्याचं अंकिताला फारसं वाटलं नाही. माणूस तळाशी अडकला होता, त्याचं काय? तिनं सांगलीच्या प्रकाशकाला पत्र टाकलं. महिन्याभरानं उत्तर आलं.

'आपल्या प्रतीत शेवटची सोळा पानं कोरी गेली, त्याबद्दल दिलगीर आहोत. उरलेल्या नऊशे नव्याण्णव प्रती व्यवस्थित होत्या. बदलून दिली असती, पण आवृत्ती संपली. सातारा-सांगलीत सत्कारांसाठी गठ्ठ्यानं गेली. शेवट आम्हालाही आठवत नाही. एकाही वाचकाचं पत्र न आल्यामुळे दुसरी आवृत्ती काढली नाही.'

म्हणजे महाबळेश्वरापासून मिरजेपर्यंत नऊशे नव्याण्णव घरांना त्या विहिरीला पाणी लागलं की नाही हे ठाऊक आहे, फक्त घरातल्या माणसांना नाही.

मनुबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. अंकिता वाटेनं जाताना दिसली की त्या सोप्यातून विचारतात, "कळलं का गं?" ती नकारार्थी मान हलवते.

तुमच्याकडंही कपाटात, साड्यांच्या बाजूला, चकचकीत कागदातलं एखादं पुस्तक असेल. कुणी दिलं ते आठवत नसेल. जरा उघडून बघता का, पाणाड्याचं आहे का ते? शेवटची सोळाच पानं वाचून अंकिताला कळवायचं आहे, दोन ओळी पुरतील. पण येत्या रविवारी कुणाच्या वास्तुशांतीला तेच न्यायचं ठरलं असेल, तर राहू द्या. कागद फाटला की बरं दिसत नाही.