रेशमाची आच

फोन आला तेव्हा सून बाळाला पाजायला घेतच होती. प्रयोगशाळेतून एक बाई बोलत होती. बाळाच्या रक्ताचा नमुना पुन्हा लागेल, आजच लागेल, नर्स घरी येईल, एवढं तिने सांगितलं. मुलाने कारण विचारलं. ते डॉक्टर मॅडमच सांगतील आणि त्या आत कामात आहेत, असं उत्तर आलं आणि फोन बंद झाला.

सुनेने गाऊन सारखा केला आणि बाळाला खांद्यावर टाकलं.

"अगं, पाज की," सासूबाई म्हणाल्या.

"नको."

या 'नको'ला कारण होतं. बाळाची टाच टोचून रक्ताचे थेंब जाड कागदाच्या कार्डावर घ्यायला आली त्या दिवशी नर्सने घरात होते तेवढ्या सगळ्यांना समोर बसवून समजावलं होतं. काही आजार आईवडिलांकडून मुलात उतरतात. मूल दिसायला ठणठणीत असतं, पण दूध पचवायला लागणारी एखादी गोष्ट त्याच्या अंगात तयारच होत नाही आणि तेच दूध हळूहळू विषासारखं भिनतं. वेळेत कळलं तर आहार बदलून मूल उत्तम वाढतं. उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. विमा एजंटासमोर डोलावतात तशा त्या वेळी सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आता मुलगा नर्सला फोन लावत होता. ती स्कूटरवर असावी, उचलत नव्हती. बाळ रडायला लागलं. विहीणबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या, काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि नेमका एकच शब्द उचलला.

"आईवडिलांकडून म्हणाली होती ना ती?"

"आमच्याकडे असलं काही नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आमच्याकडे तर मुळीच नाही."

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण सासूबाईंना विहीणबाईंचे धाकटे बंधू आठवले. लग्नात मसाला दूध पिऊन त्यांच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. ते पित्त होतं, असा खुलासा विहीणबाईंनी केला आणि सासूबाईंच्या नणंदेचा विषय काढला. ती भर दुपारी बोलता बोलता झोपी जायची. मग दोन्हीकडचे मामा, मावश्या, आत्या एकेक करून दिवाणखान्यात हजर करण्यात आले. एकही निरोगी निघाला नाही.

आजोबा, म्हणजे मुलाचे वडील, कोपऱ्यात बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होते. आयुष्यभर ते लाँड्री चालवत आले होते. कापड हातात असलं की त्यांचं मन थाऱ्यावर राही. त्यांनी घसा खाकरला.

"माझे चुलते बरेच मोठे होईपर्यंत बोलत नव्हते."

सासूबाई सावकाश वळल्या. "हे लग्नाच्या वेळी सांगितलं नव्हतंत."

"बोलायला लागल्यावर ते थांबलेच नाहीत. त्यामुळे विसरून गेलो."

बाळाचा आवाज आता चिरका झाला होता. सुनेच्या गाऊनवर दूध पाझरून दोन ओले गोल उमटले होते. ती खोलीच्या मधोमध उभी राहून झुलत होती.

"मला फक्त एवढंच सांगा," ती म्हणाली, "पाजू की नको?"

मामा, मावश्या, आत्या आल्या तशा निघून गेल्या.

नर्स हेल्मेट काखेत धरूनच आत आली. तिने बाळाकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं आणि मॅडमना फोन लावून स्पीकर सुरू केला.

"आजार सापडलाय असं कुणी सांगितलं?" मॅडम म्हणाल्या. "काहीच सापडलेलं नाही. सापडायला रक्त कागदातून बाहेर तर यायला हवं. किती वेळ भिजत ठेवलं, सुटतच नाही. पाजा त्याला आधी."

सून तिथेच खाली बसली आणि भिंतीकडे तोंड करून तिने बाळाला छातीशी घेतलं. रडणं एकदम थांबलं.

कार्ड उन्हात ठेवलं होतं का, मॅडमनी विचारलं. नर्सला ते लागलं. कार्ड सपाट, सावलीत, टेबलावर वाळत ठेवून ती दुसरीकडे गेली होती, कुणी हात लावू नका असं बजावून. संध्याकाळी परत आली तर इतकं छान वाळलं होतं की असं कार्ड तिने आजवर पाहिलं नव्हतं.

मुलगा शाळेत असल्यापासून लाँड्रीच्या गल्ल्यावर बसत आला होता. रक्त कशाने सुटेनासं होतं, हे त्याला डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं. त्याने मान वळवली.

"बाबा."

आजोबांनी घातलेली घडी पुन्हा उलगडली.

"बाबा, कार्डावर इस्त्री फिरवलीत?"

"रेशमाची आच होती," आजोबा म्हणाले. "वर मलमल टाकली होती. आणि उलट्या बाजूने."

नर्सने बजावलं तेव्हा ते दुकानात होते. दुपारी घरी आले तर सगळे झोपलेले आणि टेबलावर एक जाड कागद दमट पडलेला. दमट वस्तू तशीच पडलेली त्यांना बघवत नसे.

"रक्ताच्या डागाला ताप द्यायचा नाही, पक्का बसतो. तुम्हीच शिकवलंत मला, पहिल्याच दिवशी."

"ते डागाचं," आजोबा म्हणाले. "हा डाग कुठे होता? हा माझा नातू होता."

मग मॅडमनी मलमल या शब्दाची पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

या वेळी दुसरी टाच टोचली गेली. कार्ड वाळेपर्यंत नर्स टेबलाजवळून हलली नाही. मुलाने इस्त्री कपाटावर ठेवून दिली. आजोबा समोरच्या खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आणि त्या पाच लाल ठिपक्यांकडे बघत राहिले. कुणी त्यांना चहा विचारला नाही.

निकाल येईपर्यंतचे दिवस घर पावलांचाही आवाज न करता वावरलं. दर पाजण्यानंतर सून बाळाचा चेहरा न्याहाळत बसे. तिच्या हातचं पाणीसुद्धा मागायचं धाडस आजोबांना होत नव्हतं.

फोन आला, तो मुलाने स्पीकरवरच घेतला. सगळं व्यवस्थित होतं. एकही दोष नव्हता.

"आमच्याच वळणावर गेलाय," सासूबाई म्हणाल्या.

"रक्त आमच्याकडचं आहे," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्या भावाला बघा, अजून एक गोळी चालू नाही."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि मामा, मावश्या, आत्या पुन्हा हजर झाल्या, या वेळी धडधाकट.

सून खुर्चीवर चढली. कपाटावरची इस्त्री काढून तिने आजोबांसमोर ठेवली आणि शेजारी लंगोटांची बादली.

"बाबा, दोन दिवस ऊन नाही. सगळं दमट राहिलंय."

आजोबांनी एक लंगोट उचलला, पसरला, तळहाताने सपाट केला. मग हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला तरी विचारलं,

"आच किती ठेवू?"

"सुती आहे, बाबा," ती म्हणाली. "होऊ द्या कडक."